संवादाची किल्ली कोणाच्या हाती?

वाराणसीच्या रामघाटाकडे जाणाऱ्या अरुंद गल्लीतून चालताना गंगेचे दर्शन होण्यापूर्वीच वेदपाठाचा ध्वनी कानी येतो. घाटालगत वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालय आहे. काशीच्या या भागात, म्हणजे गणेशघाट, रामघाट, पंचगंगा, दुर्गाघाट आणि ब्रह्माघाट या पट्ट्यात, मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या राहत आली आहेत. त्यांच्या बोलण्यात हिंदीची लय उतरली असली, तरी देवघरातील आरती आणि स्वयंपाकघरातील पुरणपोळी अजून मराठीच आहे.

अशाच एका घरी मी काही दिवस उतरले होते. घरातील वृद्ध काकूंनी मोठ्या विषादाने मला एक हकीकत सांगितली. त्यांच्या सासूबाईंना जात्यावरच्या ओव्या आणि भूपाळ्या मुखोद्गत होत्या. नातवाने त्यांच्या अखेरच्या वर्षांत त्या ध्वनिमुद्रित करून एका समाजमाध्यमावर कुटुंबाच्या खात्यात ठेवल्या. पुण्याची, नागपूरची, इंदूरची नातलग मंडळी त्या ऐकत असत. एके दिवशी सकाळी ते खाते उघडेना. 'नियमांचा भंग झाल्यामुळे खाते बंद करण्यात आले आहे,' एवढीच एक ओळ पडद्यावर दिसली. कोणता नियम, कोणी मोडला, दाद कोठे मागायची, याचा उलगडा झाला नाही. काकू म्हणाल्या, "अगं, माणसं आमची, आवाज आमच्या सासूबाईंचा, पण किल्ली कुणाकडे आहे, हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं."

काकूंनी बोलता बोलता विचारलेला हा प्रश्न आज कोट्यवधी लोकांच्या जीवनाशी निगडित आहे. आपण समाजमाध्यमांवर बोलतो, व्यवसाय करतो, अन्यायाविरुद्ध तक्रार मांडतो. परंतु ज्या घरात बसून आपण हे सारे करतो, ते घर कोणाचे आहे? आणि त्याची किल्ली एकाच्याच हाती असावी, की अनेकांच्या?

समाजमाध्यमाकडून सामान्यतः आपल्या तीन अपेक्षा असतात. पहिली अपेक्षा विकेंद्रीकरणाची, म्हणजे सर्व सत्ता एका कंपनीच्या किंवा एका कार्यालयाच्या हाती एकवटू नये. दुसरी अपेक्षा सुलभतेची, म्हणजे जेमतेम अक्षरओळख असलेल्या माणसालाही ते वापरता यावे. तिसरी अपेक्षा अशी, की कोणी बलवान मनुष्य, कंपनी किंवा शासन यांच्या मर्जीविरुद्ध असलेले बोलणे सहजासहजी दडपले जाऊ नये. या तिन्ही गोष्टी एकत्र आणि पूर्णांशाने मिळाव्यात असे कोणालाही वाटेल. माझे मत असे आहे, की तशा त्या मिळत नाहीत. एक वाढवली की दुसरीत काही तरी उणे होते, आणि ते उणे कोणाच्या वाट्याला येते हे पाहणे हाच या प्रश्नाचा गाभा आहे. हा पेच संगणकाच्या युगात जन्मलेला नाही. रामघाटाच्या परिसरातच त्याची जुनी उदाहरणे आढळतात.

पहिले उदाहरण त्या वेदपाठाचेच घेऊ. वेद शतकानुशतके मौखिक परंपरेने जतन झाले. एखादे अक्षरही गळू नये म्हणून पद, क्रम, जटा, घन अशा पाठपद्धती योजण्यात आल्या. त्यांत शब्द सुटे केले जातात, एकमेकांत गुंफले जातात, उलटसुलट क्रमाने पुन्हा म्हटले जातात. एकाचा स्वर चुकला तर शेजारी बसलेल्याच्या ध्यानात येतो. अशा रचनेत मूळ प्रत एका जागी नसते. शिकलेला प्रत्येक माणूस हीच एक प्रत असते. ग्रंथालय जळाले, राजवट बदलली, तरी पाठ नष्ट होत नाही. २००३ मध्ये युनेस्कोने या परंपरेला मानवजातीचा मौखिक वारसा म्हणून गौरवले. विकेंद्रीकरण आणि दडपशाहीला पुरून उरण्याची शक्ती या दोन कसोट्यांवर ही रचना उत्तम ठरते. परंतु सुलभतेचे काय? त्यासाठी बालपणापासूनची अनेक वर्षे द्यावी लागतात. त्याहून गंभीर गोष्ट अशी, की स्त्रियांना आणि बहुजन समाजाला या पाठशाळांचे दार दीर्घ काळ बंदच होते. ज्ञान सुरक्षित राहिले, पण ते मोजक्यांचेच राहिले. सुरक्षिततेची ही किंमत ज्यांनी चुकवली, त्यांना ती मान्य आहे का, असे कोणी विचारले नव्हते.

दुसरे उदाहरण संत एकनाथांचे. रामघाटावरून उत्तरेकडे चालत गेले, की थोड्याच वेळात पंचगंगा घाट लागतो. नाथांच्या काशीतील वास्तव्याच्या आठवणी या परिसराशी जोडल्या जातात. परंपरा असे सांगते, की भागवताच्या एकादश स्कंधावरील त्यांच्या मराठी टीकेचे पहिले अध्याय काशीत पोहोचले, तेव्हा संस्कृतातील ज्ञान लोकभाषेत आणल्याबद्दल येथील पंडितांनी आक्षेप घेतला आणि नाथांना काशीला यावे लागले. 'एकनाथी भागवत' पूर्ण झाले ते काशीतच, शके १४९५ म्हणजे इ. स. १५७३ मध्ये. पुढे त्याच नगरीत ग्रंथाचा सन्मान झाला, असेही परंपरा सांगते. पंडितांची मान्यता मिळाली नसती तर काय झाले असते? माझ्या मते तो ग्रंथ तरीही टिकला असता, कारण तो मराठीत होता. शेतकऱ्याला, गृहिणीला, कारागिराला तो ऐकून समजत होता. जे समजते ते माणूस उतरवून घेतो, पाठ करतो, दुसऱ्याला सांगतो. तुकोबांच्या गाथेची कथा आपणा सर्वांना ठाऊक आहे. इंद्रायणीत बुडवलेल्या वह्या तरल्या, यात भाविक चमत्कार पाहतात, तर इतर अनेकांना त्यात लोकांच्या मुखी बसलेल्या अभंगांचा विजय दिसतो.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात येते. सुलभता ही केवळ सोय नव्हे. ती संरक्षणही आहे. हजारो घरांत पोहोचलेले शब्द पुसणे कठीण असते. उलट, कितीही अभेद्य माध्यम असले आणि ते वापरणेच लोकांना जमले नाही, तर त्या रिकाम्या किल्ल्याचा उपयोग तो काय?

तिसरे उदाहरण विसाव्या शतकातील आहे. बाबूराव विष्णू पराडकर यांचा जन्म १८८३ मध्ये काशीतील एका मराठी कुटुंबात झाला. हिंदी पत्रकारितेचे ते एक शिल्पकार मानले जातात. शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये काशीत सुरू केलेल्या 'आज' या दैनिकाचे त्यांनी दीर्घ काळ संपादन केले. दैनिक वृत्तपत्र ही मोठी सोयीची वस्तू असते. ठरलेल्या वेळी ते हाती पडते, छपाई स्वच्छ असते, मजकुराखाली जबाबदार संपादकाचे नाव असते. परंतु त्याला एक छापखाना आणि एक पत्ता असतो. वाचकाला जो पत्ता ठाऊक, तोच पोलिसांनाही ठाऊक. १९३० च्या सविनय कायदेभंगाच्या काळात ब्रिटिश सरकारने वटहुकूम काढून वृत्तपत्रांकडून जामीनरकमा मागण्यास प्रारंभ केला. 'आज'चे प्रकाशन काही काळ थांबवावे लागले. तेव्हा काशीत 'रणभेरी' हे पत्र गुप्तपणे निघू लागले. त्यामागील प्रमुख मंडळींमध्ये पराडकर होते.

अशा गुप्त पत्राचे सामर्थ्य उघड आहे. पत्ताच नसेल तर कुलूप कोठे लावणार? परंतु त्याच्या मर्यादाही तितक्याच उघड आहेत. हाताने चालवायच्या यंत्रावर निघणाऱ्या प्रती थोड्या असतात. त्या एका हातातून दुसऱ्या हातात लपतछपत जातात. मजकूर कोणी लिहिला हे वाचकाला कळत नाही. त्यात चूक असली तर दुरुस्ती मागायला जागा नसते. प्रत बाळगणाऱ्यालाही तुरुंगाची भीती असते. पराडकरांसारख्या अनुभवी संपादकाची सचोटी पाठीशी असल्यास वाचकाचा विश्वास बसतो. तेच साधन एखाद्या अविचारी हाती पडले तर?

आता आपल्या काळाकडे वळू. आजची मोठी समाजमाध्यमे 'आज' दैनिकाप्रमाणे एका पत्त्यावरची आहेत, फरक एवढाच की वाचक कोट्यवधी आहेत. त्यांची सुलभता खरोखर थक्क करणारी आहे. लिहिता न येणारी आजी बोलून निरोप पाठवते, हे यश लहान नाही. मात्र सारे एका छताखाली असल्याचे परिणामही आपण पाहिले आहेत. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी एका कंपनीच्या यंत्रणेत बिघाड झाला आणि फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप या तिन्ही सेवा जगभर सुमारे सहा तास एकदम बंद पडल्या. 'ऑर्कुट' २०१४ मध्ये बंद झाले. मराठीसह अनेक भारतीय भाषांना स्थान देणारे 'कू' हे भारतीय माध्यम २०२४ मध्ये बंद पडले. तेथे जमलेला संवाद मालकाच्या निर्णयासरशी पांगला.

एका पत्त्यामुळे शासनाचे कामही सोपे होते. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० यातील कलम ६९-अ नुसार केंद्र शासनाला ठरावीक कारणांसाठी एखादा मजकूर लोकांना दिसू न देण्याचा आदेश देता येतो. देशाची सुरक्षा किंवा सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी अशा अधिकाराची गरज भासू शकते, हे मान्य करावे लागेल. परंतु अधिकार असला की त्याचा अतिरेकही संभवतो. नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबईतील बंदविषयी फेसबुकवर व्यक्त केलेल्या मतामुळे पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली होती. या आणि अशा घटनांतून उभ्या राहिलेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये त्याच कायद्यातील कलम ६६-अ घटनाबाह्य ठरवले. कलम ६९-अ मात्र कायम राहिले.

यावर उपाय म्हणून विकेंद्रित माध्यमे पुढे आली आहेत. त्यांची कल्पना समजण्यासाठी ई-मेल आठवावा. आपला ई-मेल एका कंपनीकडे आणि मित्राचा दुसऱ्या कंपनीकडे असला, तरी पत्र पोहोचते. २०१६ मध्ये सुरू झालेले 'मॅस्टोडॉन' याच तत्त्वावर चालते. त्यात अनेक लहानमोठी केंद्रे असतात, प्रत्येकाचा चालक आणि नियम वेगळे असतात, आणि तरीही एका केंद्रातील माणूस दुसऱ्या केंद्रातील माणसाशी बोलू शकतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये एका ज्येष्ठ वकिलांचे ट्विटरवरील खाते बंद झाल्यानंतर अनेक भारतीयांनी निषेध म्हणून मॅस्टोडॉनची वाट धरली. पण नव्या माणसाला तेथे प्रथमच प्रश्न पडतो, की इतक्या केंद्रांपैकी आपण कोणत्या केंद्रात नाव नोंदवावे? ओळखीची माणसे शोधणेही तितकेसे सोपे नसते. शिवाय लहान केंद्र बहुधा एखाद्या स्वयंसेवकाच्या खर्चावर आणि वेळेवर चालते. तो थकला, की केंद्र बंद.

'नॉस्टर'सारख्या रचना याच्याही पुढे जातात. तेथे खाते देणारे कार्यालयच नसते. आपली ओळख म्हणजे आपल्याजवळची एक लांबलचक गुप्त किल्ली. ती आपल्याच हाती असल्याने कोणी खाते हिरावून घेऊ शकत नाही. मात्र ती हरवली तर नवी करून देणाराही कोणी नसतो, आणि चोराच्या हाती गेली तर तक्रार ऐकणाराही कोणी नसतो. विचार करा, आपल्यापैकी कितीजणांना परवलीचा शब्द कधी ना कधी विसरल्याचा अनुभव आहे! संगणकात मुरलेल्या तरुणाला जे स्वातंत्र्य वाटते, तेच बाजारात भाजी विकणाऱ्या बाईला ओझे वाटू शकते.

आणखी एक बाजू पाहिल्याशिवाय हा विचार पूर्ण होणार नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध माणसांना ठार मारले. ते भटक्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षेकरी लोक होते. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून पसरली होती. व्हॉट्सॲप हे एकाच कंपनीचे माध्यम असले, तरी त्यावरील संदेश अशा रीतीने बंदिस्त असतात की वाटेत कंपनीलाही तो वाचता येत नाही. ही गुप्तता पत्रकाराला, पीडित स्त्रीला, सामान्य नागरिकाला संरक्षण देते. पण तिच्या जोडीला अमर्याद सुलभता आली, तेव्हा एका बोटाच्या स्पर्शाने अफवा गावोगाव गेली आणि तिला वाटेत अडवणारे कोणी नव्हते. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल अशी मर्यादा घातली. म्हणजे सुलभता जाणीवपूर्वक थोडी कमी केली. बोलणाऱ्याची गुप्तता शाबूत ठेवून पसरण्याचा वेग तेवढा आवरला. मला हा उपाय विचार करण्याजोगा वाटतो. मात्र तो सुचेपर्यंत पाच जीव गेले होते, हे विसरता येत नाही.

मग आपण कोणता मार्ग स्वीकारावा? काहीजण म्हणतात, की सामान्य माणसाला सोय हवी असते, बाकीच्या गोष्टी तज्ज्ञांनी पाहाव्यात. हे मत मला मान्य नाही. काकूंच्या घरची मंडळी सामान्यच होती, आणि हानी त्यांचीच झाली. दुसरे टोक असे, की कोणाचेही नियंत्रण नसलेले माध्यम हेच खरे माध्यम. राईनपाड्यानंतर तेही मला स्वीकारता येत नाही. ज्याला मोबाइलच परवडत नाही, ज्याला उलट उत्तर देता येत नाही, अशा भटक्या माणसाचा जीव त्या स्वातंत्र्याची किंमत ठरतो.

माझ्या मते इष्ट मार्ग मधला आहे. केंद्रे अनेक असावीत, ती एकमेकांशी जोडलेली असावीत, प्रत्येक केंद्राला आपल्या अंगणाची जबाबदारी असावी आणि माणसाला आपली माणसे, आपला मजकूर घेऊन एका केंद्रातून दुसऱ्यात जाता यावे. हे स्वप्नरंजन नाही. जानेवारी २०११ पासून आपल्या देशभर मोबाइलचा क्रमांक न बदलता कंपनी बदलण्याची सोय झाली. त्यापूर्वी क्रमांक सोडायचा नाही म्हणून लोक नको असलेल्या कंपनीकडे अडकून पडत. ही सोय कंपन्यांनी आपखुशीने दिली नाही. सार्वजनिक नियमामुळे ती मिळाली, आणि वापरणाऱ्याला केवळ एक लघुसंदेश पाठवून नव्या कंपनीकडे अर्ज करावा लागला. अवघड काम यंत्रणेने उचलले, सोय माणसाच्या वाट्याला आली. युरोपीय संघाने २०२२ मध्ये केलेल्या कायद्यानेही अतिविशाल संदेशसेवांवर, इतर सेवांनी मागणी केल्यास त्यांच्याशी जोडून घेण्याचे बंधन घातले. विकेंद्रीकरण सुलभ करता येते. मात्र त्यासाठी समाजाने तशी मागणी करावी लागते.

कायदे होतील तेव्हा होतील. तोवर काही गोष्टी आपल्याच हाती आहेत. बचत गटाची सूचना द्यायची असेल, तर जे माध्यम सर्व भगिनींना वापरता येते तेच योग्य. जिवाला धोका पत्करून एखादा भ्रष्टाचार उघड करायचा असेल, तर अवघड वाटले तरी सुरक्षित साधन शिकून घ्यावे. सर्व कामांसाठी एकच साधन पुरेल, हा हट्ट सोडावा. महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक वहीत लिहून ठेवावेत. मोलाची छायाचित्रे, कागदपत्रे आणि आवाज यांच्या प्रती दोन-तीन ठिकाणी असाव्यात. आणि कोणताही निरोप पुढे धाडण्यापूर्वी तो खरा आहे का, हे स्वतःला विचारावे. सत्ता अनेकांत वाटली, की जबाबदारीही अनेकांत वाटली जाते. रामघाटावरच्या पाठशाळेत चुकलेला स्वर शेजारचा विद्यार्थी सुधारतो. ती सवय आपल्या मोबाइलच्या गटांत आली, तर कित्येक अफवा पहिल्याच घरी थांबतील. त्या पाठशाळांची बंद दारे मात्र आपण पुन्हा उभारता कामा नयेत.

काकूंच्या घरी पुढे काय झाले, ते सांगून थांबते. खाते परत मिळाले नाही. पण नातलगांनी आपापले जुने मोबाइल धुंडाळले. कोणाकडे चार ओव्या सापडल्या, कोणाकडे एक भूपाळी. काकूंनी त्या ऐकून स्वतःच्या हाताने एका वहीत उतरवल्या आणि वहीच्या प्रती पुण्याला, नागपूरला, इंदूरला पाठवल्या. काही ओव्या कोणाकडेच मिळाल्या नाहीत. त्यांच्यासाठी वहीत जागा कोरी सोडलेली आहे.